पत्रिकेत तात्यांचा शेअर

बारामती,
दि. ११ जानेवारी १९९९

ती. मोहनकाकांस,
स्वरूपाचा शि. सा. न. वि. वि.

नवं मशीन आणलं तर ते भिंतीच्या कुठल्या बाजूला बसणार, हा तुमचा प्रश्न मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरते आहे. काका, मला उत्तर येत नाही. तीन वर्षं कॉम्प्युटर शिकून बी.एस्सी. झाले, आता कॉलेजच्या लॅबमध्ये इतरांना शिकवते. पण ज्या घराच्या पुढच्या खोलीत दोन सख्ख्या भावांच्या मधे प्लायवूड उभं आहे, तिथं नेटवर्क कसं करायचं हे कुठल्याच पुस्तकात दिलेलं नाही.

म्हणून झालं ते ओळीनं मांडून बघते. चुकलं तर कान धरा. पुढच्या खोलीत दोन कॉम्प्युटर. एकावर माझे वडील, म्हणजे तात्या, तहसील कचेरीत द्यायचे अर्ज टाईप करतात. दुसऱ्यावर तुम्ही लग्नपत्रिका जुळवता. प्रिंटर एकच, तोही तुमच्याकडे, त्यामुळे फ्लॉप्या दिवसभर इकडून तिकडे. आणि दोघांचीही पद्धत एकच : नवं काम आलं की जुनी फाईल उघडायची, नावं बदलायची. दिवाळीआधी अंथुर्ण्याचे दोन गावडे एकाच दिवशी आले. एकाला वारसनोंदीचा अर्ज हवा होता, दुसऱ्याला मुलीची पत्रिका. दोन्ही फ्लॉप्यांवर तुम्ही दोघांनी सारखंच लिहिलंत, "गावडे, अंथुर्णे". फ्लॉप्यांची अदलाबदल झाली, एकाचा शेवट दुसऱ्याला चिकटला. मग साहेबांपुढे जो अर्ज गेला, त्यात मयताच्या वारसांची नावं झाल्यावर शेवटची ओळ होती : आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं! आणि चारशे पत्रिकांवर वधूवरांच्या खाली छापून आलं की सदर प्रकरणी सत्वर चौकशी होऊन योग्य तो आदेश व्हावा.

इथे लॅबमध्ये मी हे सांगितलं तेव्हा लोक खुर्च्यांवरून पडले. मला मात्र हसू आलं नाही, कारण त्यानंतर तुम्ही दोघं बोललेला नाहीत. चूल एक, ताटं शेजारी, आणि मीठसुद्धा आईमार्फत मागता.

माझं म्हणणं एवढंच, की यात ना तुम्ही दोषी, ना तात्या. दोष फ्लॉपीचा आहे. सगळ्या फायली एका ठिकाणी साठवाव्यात, दोन्ही कॉम्प्युटर त्या ठिकाणाला तारेनं जोडावेत आणि लागतील त्या फायली एकमेकांना शेअर कराव्यात. म्हणजे फ्लॉपी नको, चिठ्ठी नको, गावडे नको. बाजूचा प्रश्न सोडून बाकी तुम्हाला पटतं का ते कळवा.

काकूंना नमस्कार. छकुलीला म्हणावं, पाहुणे बघून गेले हे मला शेजारच्या मुलीकडून कळावं हे बरं नाही.

आपली,
स्वरूपा


इंदापूर,
दि. १७ जानेवारी १९९९

चि. स्वरूपा हिला मोहनकाकाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचलं. ग्रॅज्युएट बाई, तुझं अक्षर सुधारलं हाय, पण अक्कल हाय तितंच हाय. तुझ्या पत्रात तू फाईल शेअर करायची म्हणून लिहिलंस. अगं, शेअर कशाचा असतो ते तुला ठाऊक न्हाय व्हय? कारखान्याचा असतो. शेअर दिला की माणूस मेंबर होतो. मेंबर झाला की साखर उचलतो, आणि वार्षिक सभेत माईक धरून उठतो. तात्याला माझ्या पत्रिकांत एकदा शेअर दिला की तो उठणार, आणि उठला की पाच वाजेपर्यंत बसत न्हाय. मला न्हाय द्यायचा कुणाला शेअर.

दुसरं. पाहुण्यांचं तुला कळवलं न्हाय, कारण कळवायचं तात्यानं असतं. थोरला तो हाय. त्यानं कळवलं न्हाय म्हणजे त्याच्या मनात काय हाय ते तूच बघ. असो. मुलगा पळसदेवचा, उजनीच्या धरणाकाठचा, बँकेत हाय, मासे मात्र नको म्हणतो, म्हणजे गावाचं नाव बुडवलंच म्हण. लग्न मेच्या पहिल्या आठवड्यात.

आता खरं दुखणं लिहितो, ते तात्याला सांगू नको. छकुलीची पत्रिका मला जुळवायची हाय. आयुष्यभर लोकांच्या पत्रिका जुळवल्या, आणि आता स्वतःच्या लेकीच्या पत्रिकेत "आपले नम्र" लिहून हात थांबलाय. थोरल्या भावाचं नाव पहिलं घालायचं हे मला शिकवायला नको. पण दिवाळीपासून जो माणूस माझ्याशी बोलला न्हाय, त्याचं नाव मी परस्पर घातलं, आणि त्यानं चारचौघांत काढून टाक म्हटलं तर? त्यानं एकदा, एकदाच, तोंडानं म्हणावं की मोहन, माझं नाव घाल. मी सोनेरी शाईत घालीन. न्हाय म्हटला तर जागा कोरी जाईल. आणि पत्रिकेत नाव न्हाय म्हणजे वाटणी झाली, असंच पाहुणे वाचतात. तुझी काकू आतापासूनच वेगळ्या चुलीला किती भांडी लागतील ते बोटावर मोजतीय, आणि मोजता मोजता रडतीय.

तर त्याच्या मनात काय हाय ते काढून घे. मी विचारलं असं मात्र कळू देऊ नको.

तुझा,
मोहनकाका

ता. क. शेअर सोडून दुसरा काही मार्ग असला तर मशीनला माझी ना न्हाय. फ्लॉपीला बुरशी येतीय.


इंदापूर,
दि. २५ जानेवारी १९९९

चि. स्वरूपा, बी.एस्सी., हिस,
तुझे तात्या, मानसिंग, याजकडून आशीर्वाद.

विषय : दोन कॉम्प्युटरसाठी एकच साठवण मशीन घेणेबाबत.
संदर्भ : तुझे दि. २० चे पत्र.

वरील विषयी कळवण्यात येते की, तू सुचवल्याप्रमाणे घरातील सर्व फायली "सामाईक" ठिकाणी ठेवणेस माझी हरकत आहे. सव्वीस वर्षे मी अर्ज लिहीत आलो आहे, आधी शाईने, मग टाईपरायटरने, आता या यंत्राने. सामाईक हा शब्द ज्या अर्जात आला, तो अर्ज एकटा कधी आला नाही. त्याच्यामागून अपील आले. सामाईक बांध, सामाईक वाट, सामाईक विहीर. सामाईक विहिरीचे पाणी दोन भावांना सारखे पोचले, असे मी आजवर एकदाही टाईप केलेले नाही. सबब हा शब्द आपल्या घरात नको.

तथापि मजकडे येणारे अर्जदार गरीब असतात, एका कागदासाठी पळसदेवहून, अंथुर्ण्याहून दोन-दोन वेळा येतात. जुना अर्ज सापडला नाही तर त्यांचा दिवस जातो. त्यामुळे मशीन घेण्याचे तत्त्वतः मान्य आहे. अट एवढीच, की माझ्या फायलीत मोहनने काहीही बदल करू नये, व मला त्याच्या फायलीत काही करण्याची इच्छा नाही.

छकुलीच्या लग्नाविषयी तू विचारले आहेस. त्याविषयी मला काहीही म्हणायचे नाही. पत्रिका कितपत झाली, कागद कोणता घेतला, गणपती कुठला घातला, नावे कुणाकुणाची आहेत, एवढे जमल्यास कळवावे. मला स्वतःला जाणून घ्यायचे नाही. तुझ्या आईला हवे आहे.

थंडी आहे. कानाला बांधत जा. खानावळीत भाकरी मिळत नसल्यास कळवणे, म्हणजे एस.टी.ने डबा पाठवण्याची तजवीज करता येईल.

तुझा,
मानसिंग


बारामती,
दि. ८ फेब्रुवारी १९९९

ती. तात्यांस व ती. मोहनकाकांस,
दोघांनाही वेगवेगळा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र दोन प्रतींत लिहिते आहे, कार्बन घालून. वरची प्रत कुणाला हे विचारू नका, चिठ्ठी टाकून ठरवलं आहे. महिनाभर माझ्या खोलीचं पोस्ट ऑफिस झालंय. सहा फूट लांबीच्या प्लायवूडच्या अलीकडून पलीकडे एक निरोप जायला पन्नास किलोमीटर बारामतीला येतो आणि पन्नास किलोमीटर परत जातो. जगात यापेक्षा लांब नेटवर्क असेल, पण यापेक्षा मंद नसेल.

आधी शब्दांचं निस्तरते. काका, शेअर म्हणजे कारखान्याचा शेअर नव्हे. कॉम्प्युटरमध्ये फाईल शेअर करायची म्हणजे दुसऱ्याला ती बघायची वाट द्यायची. आणि तात्या, वाट म्हटल्यावर तुम्ही दचकला असाल, पण ही वाट बंद करता येते. हक्क दोन प्रकारचे आहेत. एक पूर्ण हक्क : लिहा, खोडा, पुसा. दुसरा फक्त वाचायचा हक्क : बघता येतं, बोट लावता येत नाही. सातबाऱ्यावर मालकाचं नाव एका रकान्यात आणि बाकीच्यांचं इतर हक्कांत असतं ना, साधारण तसं. प्रत्येकाचा स्वतःच्या फायलींवर पूर्ण हक्क, दुसऱ्याच्या फायलींवर फक्त वाचायचा. सामाईक हा शब्द मी पुन्हा वापरणार नाही.

आता मशीनची निवड. त्यासाठी मी पुण्याला जाऊन आले. तिथे एका दुकानात मुद्दाम याच कामासाठी बनवलेली एक पेटी आहे. तिला पडदा नाही, बटणं नाहीत, नेटवर्कची तार खोचली की झालं. मी दहा मिनिटं तिच्यापुढे देवापुढे उभं राहावं तशी उभी होते. दुकानदारानं विचारलं, किती शाखा आहेत कंपनीच्या. मी म्हटलं, दोन, मधे प्लायवूड आहे. तो हसला नाही, पण पेटी आत ठेवून दिली. किंमत ऐकल्यावर मीही ठेव म्हटलं. तेवढ्यात मोटारसायकल येते, आणि मोटारसायकल बिघडली तर इंदापुरात दुरुस्त होते. ही पेटी बिघडली तर मुंबईला पाठवायची.

दुसरा मार्ग सोपा : एक मोठी डिस्क घेऊन तुमच्या दोघांपैकी एकाच्या कॉम्प्युटरात बसवायची, दुसऱ्यानं तारेनं तिथून घ्यायचं. हे मी लॅबमध्ये करून बघितलं. चालतं. पण ज्याच्या कॉम्प्युटरात डिस्क, त्यानं दुपारी झोपायला जाताना बटण बंद केलं, की दुसऱ्याचं दुकान बंद. काका दुपारी झोपतात. आणि तात्या, तुम्ही रागावलात की आधी दिवे बंद करता. त्यामुळे हा मार्ग आपल्या घरात एक आठवडाही टिकणार नाही.

म्हणून तिसरा मार्ग. आमच्या लॅबमधून एक जुना पेंटियम काढून टाकला आहे, तो सरांच्या परवानगीनं मला मिळतो. त्याला पडदा नको, कळफलक नको. नवीन डिस्क फक्त विकत घ्यायची. हे मशीन कुणाचंच नाही, ते फक्त फायली सांभाळील. दर शनिवारी एक नक्कल काढून ठेवायची पद्धत मी छकुलीला शिकवीन. या मशीनचा संपूर्ण ताबा मात्र एका माणसाकडे लागतो, कुणाला कोणता हक्क ते ठरवायला, आणि तो माणूस मी. तुम्हा दोघांना वचन देते की हा ताबा मी कधीही कुणाच्या मजकुराला हात लावायला वापरणार नाही. माहिती ज्याची त्याची असते, असं मी मानते आणि शिकवतेही.

राहिला बाजूचा प्रश्न. प्लायवूड छतापर्यंत नाही, दोन हात कमी आहे. त्याच्या डोक्यावर आडवी फळी टाकून मशीन बरोबर मधोमध ठेवायचं. निम्मं इकडे, निम्मं तिकडे. शिवरात्रीच्या सुट्टीत मशीन घेऊन येते. सुताराला सांगून ठेवा. दोघांनी सांगू नका, नाही तर दोन सुतार येतील.

तुमची,
स्वरूपा


इंदापूर,
दि. १५ मार्च १९९९

चि. स्वरूपा हिला मोहनकाकाचे भरपूर आशीर्वाद.

तू जाऊन महिना झाला. मशीन चालू हाय. तुझ्या काकूनं पहिल्या दिवशी त्याला हळदकुंकू लावलं, आता विचारती की याला तोंड कुठल्या बाजूला हाय. मी म्हटलं, तोंड न्हायच, म्हणूनच या घरात टिकलंय.

तू गेल्यावर तात्यानं टेप आणून फळीची मोजणी केली. मशीन माझ्या बाजूला पाऊण इंच जास्त निघालं. दुसऱ्या दिवशी वहिनीमार्फत लेखी कळवलं, जा. क्र. घालून. मी स्टुलावर चढून पाऊण इंच सरकवलं. तर त्याची तार माझ्या बाजूनं ताणली जाऊन सगळंच बंद पडलं, आणि दोन तास दोघंही एकमेकांकडे न बघता छताकडे बघत उभे होतो. शेवटी वहिनीनं येऊन तार खोचली. तिला न शिकता येतं, आणि तुला तीन वर्षं लागली.

काम मात्र सरळ झालंय हे कबूल करतो. फ्लॉपी हातात धरून महिना झाला. तात्याचा अर्ज तितनं निघतो, माझ्या प्रिंटरवर हितं येतो. मी तो काढून प्लायवूडवरनं पलीकडं टाकतो. तो घेतो. एकदा तर व्हय म्हटल्यासारखं खाकरलाही.

पण आता ऐक. छकुलीची पत्रिका मी त्या मशीनवर ठेवली हाय, अर्धी जुळवून. रोज सकाळी दहाला उघडायला जातो, तर पडद्यावर येतं की ही फाईल दुसरा कुणीतरी वापरतोय. दुसरा कुणीतरी! आमच्या नेटवर्कात दुसरा हाय किती जण? मी प्लायवूडला कान लावला, तर पलीकडं चाळिशीची डबी बंद झाल्याचा आवाज. रोज. शनिवारी दोनदा. तू त्याला वाचायचा हक्क दिलास, तो हा माणूस पूजेसारखा वापरतोय. नाव घातलंय का ते बघतोय, दुसरं काय! बघू दे. "आपले नम्र"खाली पहिली ओळ मी कोरी ठेवली हाय, त्याच्याच नावाएवढी, मोजून. ती त्याला दिसती. दिसून जर त्याच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय, तर मी काय करू?

तू म्हणशील विचार. धाकट्यानं विचारायचं नसतं. थोरल्यानं सांगायचं असतं.

तुझा,
मोहनकाका


इंदापूर,
दि. २२ मार्च १९९९

चि. स्वरूपा, बी.एस्सी., हिस आशीर्वाद.

विषय : चि. सौ. कां. छकुली हिच्या लग्नपत्रिकेतील दुरुस्त्यांबाबत.
सोबत : १) दुरुस्त्यांची यादी, अनुक्रमांक १ ते ११. २) दाखला.

उपरोक्त विषयी कळवण्यात येते की, मला मिळालेल्या वाचनाच्या हक्कानुसार मी सदर पत्रिका वेळोवेळी अवलोकन केली आहे. मोहनचा असा समज झालेला दिसतो, की मी त्यात अन्य काही शोधत असतो. तो समज चुकीचा आहे. मी शुद्धलेखन तपासत होतो. "मुहूर्त" मधला हू दीर्घ हवा, तो ऱ्हस्व आहे. पळसदेवमधला ळ पडला आहे, त्यामुळे वराकडील मंडळी पसदेवची झाली आहेत. व्याह्यांचे नाव एका ठिकाणी मोहनरावच छापले आहे, म्हणजे जुन्या फायलीतली नावे बदलण्याची ती पद्धत अद्याप चालू आहे. मला लिहिण्याचा हक्क नसल्याने दुरुस्त्या करता आल्या नाहीत. सबब यादी तुजकडे पाठवत आहे. ती मोहनकडे रवाना करावी.

यादीत कोऱ्या ओळीचा उल्लेख केलेला नाही. कोरी ओळ ही चूक नव्हे, तो ज्याचा त्याचा निर्णय आहे. पुतणीच्या पत्रिकेत माझे नाव घाल, असे थोरल्याने सांगायचे म्हणजे स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून ताट मागण्यासारखे आहे. तसे मी करणार नाही. तथापि मोहनला पुढे कुणी बोल लावू नये म्हणून दाखला सोबत जोडला आहे. त्याच्या कामी येईल.

तुझ्या आईने शेंगदाण्याची चटणी दिली आहे. ती कागदाला लागू देऊ नये.

तुझा,
मानसिंग

(सोबत)

ना हरकत दाखला

दाखला देण्यात येतो की, माझी पुतणी छकुली हिच्या लग्नपत्रिकेत माझे नाव नसलेस त्यास माझी कोणत्याही प्रकारची हरकत नाही, व पुढेही राहणार नाही. सदर मुलगी वयाच्या दुसऱ्या वर्षापासून माझ्या टेबलाखाली खेळून मोठी झाली असून तिला पहिले अक्षर मी टाईपरायटरवर गिरवून दिले होते. हा मजकूर दाखल्यात आवश्यक नाही, परंतु खरा आहे. दाखला मागणीवरून दिलेला नसून स्वखुशीने दिला असे.

(सही) मानसिंग


इंदापूर,
दि. ३० मार्च १९९९

प्रिय स्वरूपाताईस,
छकुलीचा गोड नमस्कार (रागात आहे तरी).

ताई, तू आमच्या घराचं काय करून ठेवलंस? पूर्वी दोघं बोलत नव्हते, पण एकमेकांच्या मनात काय चाललंय ते त्यांना माहीत तरी नव्हतं. आता ते दिवसभर एकमेकांच्या फायली वाचत बसतात. तात्या माझ्या अप्पांची पत्रिका वाचतात, आणि अप्पा तात्यांचे अर्ज वाचतात. परवा अप्पांना तात्यांच्या फायलीत तो ना हरकत दाखला सापडला. मशीनवरच टाईप केला होता ना त्यांनी! अप्पांनी तो वाचला, पुन्हा वाचला, मग प्रिंट काढून खिशात घातला आणि जेवायलाच आले नाहीत. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, ताट बाहेर नेलं तर म्हणाले की हरकत नाही म्हणजे काय, हरकत असायला नको? भावाला हरकतसुद्धा नाही माझ्यावर?

म्हणजे आता ते दाखल्यावर रुसलेत. तात्या म्हणतात की दाखला त्यांच्याच सोयीसाठी होता. दोघांचंही बरोबर आहे आणि लग्न माझं आहे.

ताई, मला सोनेरी शाई नको, मोठा गणपती नको. मांडवात तात्या पाहुण्यांसारखे खुर्चीवर बसले तर मी अंतरपाटाआडून उठून येईन, हे तुला लिहून देते. पण मी काही बोलले तर दोघंही म्हणतात की पोरींनी यात पडू नये. तू पोरगी नाहीस, तू बी.एस्सी. आहेस. रविवारी ये. पत्रिका छापायला बारामतीलाच जायची आहे, तर तूच घेऊन जा. अप्पा म्हणालेत की फ्लॉपी न्यायची, पण त्यांचा फोन आल्याशिवाय छापायचं नाही. फोन ते करणार नाहीत. मी ओळखते.

तुझीच,
छकुली


बारामती,
दि. १० एप्रिल १९९९

ती. तात्यांस आणि ती. मोहनकाकांस,
एकच, एकत्र, शि. सा. न. वि. वि.

या पत्राची प्रत नाही. पाकीट एक आहे, वर नावं दोन आहेत. पोस्टमन कुणाच्या हातात देईल ते माहीत नाही, पण ज्याच्या हातात पडेल त्यानं मोठ्यानं वाचावं. प्लायवूड पातळ आहे.

रविवारी मी आले तेव्हा तुम्ही दोघं आत जेवत होतात. एकजण भिंतीकडे तोंड करून, दुसरा दाराकडे. त्या वेळात मी पुढच्या खोलीत जाऊन मशीनला माझा कळफलक जोडला आणि दोन कामं केली. एक, वाचायचा हक्क आणि पूर्ण हक्क असे जे दोन प्रकार मी केले होते, ते काढून टाकले. आता सगळ्या फायली एका ठिकाणी आहेत आणि दोघांचा सगळ्यांवर सारखा हक्क आहे. हे पुस्तकाप्रमाणे चूक आहे. मी मुलांना शिकवताना याच्या बरोबर उलट शिकवते. पण मी निवडलेल्या मशीनमुळे तुम्हा दोघांना एकमेकांचं सगळं दिसायला लागलं आणि हात कशालाच लावता येईना. घरात असं चालत नाही, हे मला दोन महिने उशिरा कळलं. मशीन मी बरोबर निवडलं, कुलूप चुकीचं निवडलं.

दुसरं काम म्हणजे पत्रिकेची फाईल आणि पाहुण्यांच्या पत्त्यांची यादी फ्लॉपीवर घेतली.

काका, तुमच्या फोनची मी सोमवारी वाट पाहिली, मंगळवारी पाहिली, बुधवारीही पाहिली. लॅबच्या शिपाई गोजरबाईंना फोनपाशी बसवलं होतं. त्यांनी तीन दिवसांत दोन स्वेटर विणायला घेतले. गुरुवारी छापखान्यात गेले तर मालकांनी विचारलं की बाई, ही कोरी ओळ ठेवायची का काढायची. काढली तर बाकीची नावं वर सरकतील आणि कुणाला कळणारही नाही, असं ते म्हणाले. खरं होतं. कुणाला कळलं नसतं, म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

तुमच्या मजकुराला हात लावणार नाही असं मी वचन दिलं होतं. ते मी मोडलं. तात्या, तुमच्या अकरा दुरुस्त्या मी केल्या. मुहूर्त दीर्घ झाला, पळसदेवला ळ मिळाला, व्याह्यांना त्यांचं स्वतःचं नाव मिळालं. आणि कोऱ्या ओळीत मी स्वतःच्या हातानं टाईप केलं : मानसिंग. त्याच्या खाली मोहनराव आधीच होतं. दोन्ही नावं सारख्याच टाईपात बसली, काकांनी जागा खरंच मोजून ठेवली होती. काका, तात्यांनी तोंडानं सांगितलं नाही. तात्या, काकांनी विचारलं नाही. दोघांचाही शब्द राहिला, मोडला तो फक्त माझा.

तुमचा ना हरकत दाखला, तात्या, मी छापखान्यात नेला होता, पण दाखवायची वेळ आली नाही. तो माझ्याकडेच राहू दे. त्यातलं अनावश्यक वाक्य मला हवं आहे.

सहाशे पत्रिका गुरुवारी संध्याकाळी छापून झाल्या. शुक्रवारी मी, माझ्या खोलीतली मैत्रीण आणि गोजरबाई अशा तिघींनी पत्ते लिहिले, तिकिटं चिकटवली, आणि आज सकाळी सगळा गठ्ठा पोस्टात टाकून आले. पोस्टमास्तरांनी परत मिळणार नाही असं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, म्हणूनच आणला आहे. पळसदेव, अंथुर्णे, भिगवण, सोलापूर, सगळीकडे मंगळवारपर्यंत पोचतील. एकदा पोचल्या की सहाशे घरांत ठरून जाईल की आपली चूल एकच आहे. आता वेगळं व्हायचं असेल तर सहाशे घरांत जाऊन सांगावं लागेल.

तात्या, यादी तपासताना तुमच्या लक्षात येईल की तुम्हाला पत्रिका आलेली नाही. काका, तुम्हालाही नाही. बोलावणाऱ्याला बोलावणं धाडत नाहीत.

माया आहेच, ती वाढली नाही तरी चालेल, वाटू नका.

तुम्हा दोघांची,
स्वरूपा